जागा धरणारे टेंबे

टेंब्यांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांच्या टिश्यूने टेबल पुसलं म्हणून.

आम्ही पुण्याहून सिंगापुरात, टॅम्पिनीसला राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. रविवारची दुपार. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे कडेने खाण्याचे स्टॉल आणि मधे सगळ्यांची टेबलं अशा त्या उघड्या मंडपात, पाय ठेवायला जागा नव्हती. डोशाचे ट्रे सांभाळत मी आणि माझा नवरा आनंद गोल गोल फिरत होतो, आणि अचानक एक टेबल चक्क रिकामं दिसलं. वर टिश्यूचं एक छोटं पाकीट. काय सोयी असतात एकेका देशात, असं म्हणत मी पाकीट फोडलं, टेबल लख्ख पुसलं आणि आम्ही बसलो. पहिला घास तोंडात जातोय तोवर एक उंच, किडकिडीत गृहस्थ हातात चहाचे दोन पेले घेऊन समोर येऊन उभे राहिले. ते आमच्याकडे नाही, त्या फोडलेल्या पाकिटाकडे बघत होते.

"वहिनी," आमचं मराठी कानावर पडलं असावं, "तुम्ही माझी जागा पुसलीत."

मग उभ्याउभ्याच त्यांनी आमचा वर्ग घेतला. सिंगापुरात टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की जागा धरलेली आहे असं समजायचं. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच, फक्त इथे त्या रुमालाला कोणी हात लावत नाही आणि त्यावरून कोणी भांडत नाही. "आणि यातला टिश्यू वापरायचा नसतो," ते म्हणाले. त्यांच्या डाव्या खिशात वापरायचं पाकीट होतं आणि उजव्या खिशात जागा धरायचं.

तेवढ्यात मागून त्यांची बायको आली, हातात पोह्यांएवढ्या बारीक चिरलेल्या फळांची बशी घेऊन. "बसा हो तुम्ही," ती मला म्हणाली. "टेबल काय याच्या बापाचं आहे? विलास, चहा ठेव खाली, लोक बघतायत." ती मुक्ता. आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो, आणि पुढे कितीतरी रविवार तसेच बसत राहिलो.

टेंबे तुआसला एका कारखान्यात जहाजांचे व्हॉल्व्ह तपासायचे. टॅम्पिनीस बेटाच्या या टोकाला आणि तुआस त्या टोकाला. कंपनीच्या बसमध्ये त्यांची जागा ठरलेली होती आणि तिथेही उतरताना ते पाकीट ठेवून यायचे, संध्याकाळसाठी. "आधी जागा, मग बाकी सगळं," हे त्यांचं पालुपद. ते ऐकलं की मुक्ता कपाळाला हात लावायची. एका वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांनी जेवणाच्या हॉलमध्ये पहिली अख्खी रांग पाकिटं टाकून धरली. लांब यिशुन भागातून येणाऱ्या मंडळींना उशीर होतो, त्यांना पुढे बसायला मिळावं म्हणून. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना वाटलं कोणीतरी देणगीदाखल टिश्यू दिलेत. त्यांनी सगळी पाकिटं गोळा करून श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी मांडली आणि माइकवरून अज्ञात दात्याचे आभार मानले. टेंबे पार वरमले. यिशुनची मंडळी शेवटी मागेच बसली, ते वेगळंच.

ही पाकिटं ते दुकानातून घ्यायचे नाहीत. आमच्या हॉकर सेंटरमध्ये एक चिनी आंटी होती. पाठीत वाकलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी, टेबलाटेबलाशी जाऊन टिश्यू विकायची. बहुतेक लोक मान न वळवता हात हलवायचे. टेंबे मात्र उठून उभे राहायचे आणि पिशवीत वाकून भाजी निवडावी तसं पाकीट निवडायचे. फुलाफुलांचं मुक्ताला, निळं स्वतःला. सबंध दिवस लोकांच्या जागा धरायचं सामान विकणारी ती बाई स्वतः कधी बसलेली मी पाहिली नव्हती, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

टेंब्यांचा दुसरा लाडका शब्द म्हणजे 'कॅन'. तिथले सगळेच बोलतात तो. हो, जमेल, चालेल, काळजी नको, हे सगळं त्या एका शब्दात येतं. पण टेंबे तो असा म्हणायचे की सदाशिव पेठेतच जन्मला असावा. टेंबे, आमचा गॅस बघता का? कॅन. टेंबे, मुलीला विमानतळावरून आणाल? कॅन. नाही म्हणता येत नाही त्या माणसाला, हे मुक्ताने मला फार लवकर सांगून टाकलं होतं. सांगताना ती हसली नव्हती.

मुक्ता वास्तुविशारद. एका मोठ्या ऑफिसात वर्षानुवर्षं तिने गाड्या चढायचे-उतरायचे उतार काढले. "मी काढलेल्या उतारांवरून अर्धं सिंगापूर पार्किंगला जातं," ती म्हणायची, "पण भिंतीला म्हणून माझा हात लागलेला नाही." चाळिशीला टेकलेली असताना तिला इटलीत, बोलोन्याला, जुन्या इमारती दुरुस्त करण्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. जुनं पुराणं गाव, जुनंच विद्यापीठ. दोन वर्षांचं शिक्षण. हे तिने टेंब्यांना विचारलं ते आमच्या त्या टेबलावर, आमच्यादेखत. मी चमचा हातात धरून बसले होते.

"विलास, जाऊ का?"

"कॅन," टेंबे म्हणाले आणि तिच्यासाठी अजून एक कॉफी आणायला उठले. जाताना खुर्चीवर पाकीट ठेवायला विसरले नाहीत.

ती गेल्यावरही टेंबे रविवारी यायचे. निळं पाकीट आपल्या खुर्चीवर, फुलाफुलांचं समोरच्या. गर्दीत लोक ट्रे घेऊन ताटकळत असायचे आणि त्या खुर्चीवर पाकीट बसलेलं. आनंद एकदा म्हणाला, "अहो टेंबे, ती इटलीत आहे." टेंबे म्हणाले, "सामान ठेवायला लागते हो." त्यांच्याकडे सामान कधीच नसायचं. आंटी आली की टेबलाशी थांबून विचारायची, "वाइफ कम बॅक?" आणि टेंबे तत्परतेने सांगायचे, "कमिंग, आंटी, कमिंग."

मला मात्र मुक्ताचा राग यायला लागला होता, तो का लपवू? अभ्यासक्रम संपत आला तरी ती परतायचं नाव काढत नव्हती. फोनवर म्हणायची, इथे एक काम निघतंय, बघू. शेवटी मीच टेंब्यांना म्हटलं, "असं फोनवर नाही व्हायचं. जाऊन समोर बसा आणि सरळ सांगा, परत चल म्हणून."

ते गेले. पण रजा न घेता. कारखान्यात तपासणीचा मोसम होता, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तुआसहून परस्पर विमानतळावर, सकाळी मिलान, तिथून रेल्वेने बोलोन्या, आणि रविवारी उलट्या वाटेने परत. आमच्याकडचे लोक शनिवार-रविवार पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला डाळ-तांदूळ आणायला जातात. टेंबे युरोपला गेले. बरोबर गोडा मसाला, मेतकूट आणि मुक्ताला आवडतो तो नारळाचा जॅम. सोमवारी ते विमानतळावरून थेट कामावर गेल्याचं कळलं.

पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम लवकर जाऊन बसलो. टेंबे आले, दोन्ही पाकिटं ठेवली, चहा आणला आणि त्यांनी बोलोन्याचं वर्णन सुरू केलं. "आपल्या टॅम्पिनीससारखंच आहे हो. स्टेशनपासून घरापर्यंत डोक्यावर छप्पर. आपण ते आत्ता बांधलं, त्यांनी कधीच बांधून ठेवलंय, कमानी बिमानी काढून. छत्री लागतच नाही. फक्त त्यांना लिफ्ट घालायचं सुचलं नाही." मुक्ताची खोली चौथ्या मजल्यावर होती. मसाल्याची पिशवी घेऊन चढताना त्यांना तुआसच्या शिड्या आठवल्या म्हणे.

"आणि टिश्यूची गंमत ऐका," ते म्हणाले. "मुक्ता मला तिच्या नेहमीच्या जागी कॉफीला घेऊन गेली. चौकात बाहेर टेबलं मांडलेली. मी म्हटलं, आधी जागा. ठेवलं पाकीट आणि आत केक बघायला गेलो. बाहेर येतो तर आमच्या टेबलावर दोन म्हातारे. पाकीट? वेटरने कचऱ्यात टाकलेलं. मी म्हटलं, एक्सक्यूज मी, माय प्लेस. तो विचारतो, इथे कोण होतं? मी म्हटलं, टिश्यू. तो म्हणतो, मग त्याला काय देऊ, कॉफी?"

आम्ही पोट धरून हसलो. टेंबेही हसले.

"हे सगळं तो इटालियनमधून बोलत होता आणि मुक्ता मला मराठीत करून सांगत होती. सांगता सांगता इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. ते म्हातारेही हसायला लागले. त्यांनीच मग खुर्च्या सरकवून आम्हाला जागा दिली." चहाचा पेला त्यांनी उगाच जरा फिरवला. "सगळे ओळखतात तिला तिथे. नखांत चुना होता तिच्या. मी म्हटलं, धुऊन टाक की. तर म्हणाली, असू दे, छान वाटतं."

"मग म्हणालात का नाही परत चल?" मी विचारलं.

"गाडीत सगळं पाठ केलं होतं, वहिनी. मिलानपासून बोलोन्यापर्यंत तेच घोकत होतो."

"मग?"

"तिनेच आधी विचारलं. म्हणाली, विलास, काम मिळतंय, त्या कमानींचंच. काही वर्षांचं आहे. हो म्हणू का?"

आनंदने माझ्या हातावर हात ठेवला, मी काही बोलू नये म्हणून. पण मी बोललेच. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"कॅन."

मला संतापच आला. एवढा समुद्र ओलांडून जायचं आणि एक शब्द बोलून यायचं? "अहो टेंबे, एवढंच बोललात?"

"ती तिथे हसते, वहिनी," ते म्हणाले. "इथे आम्ही इतकी वर्षं राहिलो, मी तिला तसं हसताना नाही पाहिलं. आता ते बघितल्यावर कुठल्या तोंडाने म्हणू, चल, पार्किंगचे उतार काढ?" मग पेल्याकडेच बघत म्हणाले, "ती मला 'तू पण ये' म्हणेल असं वाटलं होतं. स्टेशनवर सोडायला आली. गाडी हलेपर्यंत मी दारात उभा होतो. तसं काही ती म्हणाली नाही. विसरली असेल असं नाही. तिला खोटं बोलता येत नाही."

माझा मुक्तावरचा राग कुठे गेला कोण जाणे. नुसतं वाईट वाटत राहिलं, त्या दोघांसाठी. आनंद उगाच ट्रेवरचे चमचे नीट लावत बसला. दुपारची गर्दी वाढत होती, लोक ट्रे घेऊन आमच्या टेबलाभोवती घुटमळत होते आणि फुलाफुलांचं पाकीट समोरच्या खुर्चीवर नेहमीसारखं होतं.

तेवढ्यात आंटी आली. पिशवी सांभाळत टेबलाशी थांबली आणि नेहमीचं विचारलं, "वाइफ कम बॅक?"

टेंबे सवयीने उठून उभे राहिले. 'कमिंग' आता येईल म्हणून मी खाली मान घातली. पण वाकून त्यांनी समोरच्या खुर्चीवरचं पाकीट उचललं.

"आंटी, सिट."

आंटीने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतायत की काय म्हणून. "नो, नो. समवन सिटिंग."

"नोबडी सिटिंग, आंटी. सिट लाह," टेंबे अगदी तिथल्यासारखा हेल काढून म्हणाले.

ती बसली. अगदी खुर्चीच्या कडेला, पिशवी मांडीत घेऊन. टेंब्यांनी ते पाकीट फोडलं. एवढ्या वर्षांत उजव्या खिशातलं पाकीट त्यांनी फोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. एक टिश्यू काढून त्यांनी तिच्यापुढचं टेबल पुसलं, कोपऱ्यांपासून मधे, सावकाश. मग त्याच्याच पुढचा टिश्यू काढून आपलं नाक पुसलं आणि म्हणाले, "कोपी, आंटी? शुगर कॅन?"

"कॅन, कॅन," आंटी म्हणाली.

ते कॉफीच्या स्टॉलकडे गेले. जाताना स्वतःच्या खुर्चीवरचं निळं पाकीटही त्यांनी न बघताच उचलून खिशात घातलं होतं. ट्रे घेतलेला एक तरुण लगेच आला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि भुवया उंचावून आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघं उत्तर द्यायच्या आत आंटीने पिशवीत हात घातला, एक पाकीट काढलं आणि वाकून त्या खुर्चीवर ठेवलं. तो 'सॉरी, आंटी' म्हणून पुढे गेला.

टेंबे हातात दोन पेले घेऊन परत आले आणि खुर्चीपाशी थांबले. पेले हातातच होते. ते बराच वेळ त्या पाकिटाकडे बघत उभे राहिले.

"सिट," आंटी म्हणाली. "युअर प्लेस."