तिसऱ्या बाटलीचं मत राहिलं

एकादशीच्या दिवशी रंगरावांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर केळं खाल्लं, वर शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि उपास फार कडक चाललाय असं म्हणत शर्ट अंगात घातला.

"सरगूरला जाऊन येतो," ते म्हणाले. "लग्नाच्या शेरवान्या आहेत. मापं घ्यायचीत."

"टेप इथे खुंटीला आहे," तुंगाबाई म्हणाल्या.

"तिकडे असेल त्यांच्याकडे."

"गिऱ्हाईक शिंप्याला टेप देतं, हे नवीनच काढलंत. जा. पण संध्याकाळी वेळेवर या. वीणा आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं. त्या संध्याकाळी विठ्ठल मंदिरात वीणा पहिल्यांदा रंगरावांच्या खांद्यावर चढायची होती. हा मान मिळावा म्हणून तुंगाबाईंनी कमिटीच्या प्रत्येक माणसाच्या बायकोचं ब्लाउज वेळेत आणि फुकट शिवून दिलं होतं. रंगरावांनी काय केलं होतं, तर मान दिल्यावर मान हलवली होती. वीणेचे नियम मात्र कडक. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ तोच वीणा घेणार, आणि एकदा खांद्यावर चढली की ती जमिनीला टेकवायची नाही. दुसरा माळकरी पुढे येऊन घेईपर्यंत उभं राहायचं.

रंगराव गेले ते सरगूरच्या बसकडे नाही. ते गेले गावातच, जयलक्ष्मीपुरमला, शरतच्या खोलीवर. शरत म्हणजे तुंगाबाईंच्या बहिणीचा मुलगा. बेळगोळच्या बाजूला एका मोठ्या बिअर कंपनीत नोकरीला. नोकरी अजून कच्ची. कंपनीनं तीन नव्या काळ्या बिअर काढल्या होत्या, पोर्टर म्हणून. एक कॉफीची, एक गुळाची, एक नाचणीची. साहेब म्हणाले होते, रोज पिणाऱ्या साध्या माणसांची मतं आण, आज संध्याकाळच्या आत, तुझं पक्कं करतो. आता शरतच्या ओळखीत रोज पिणारी आणि रोज नाही म्हणणारी तीन माणसं होती. रंगरावकाका, मंदिर कमिटीचे तुकोजीराव आणि काजं-बटणं करणारा चिदंबर.

तिघंही आले. तिघांनीही चपलांच्या आधी माळा काढल्या आणि दाराआडच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवल्या. गळ्यात माळ ठेवून प्यायला ती काही अधर्मी माणसं नव्हती.

"पण आज एकादशी," चिदंबर खुर्चीच्या काठावर बसत म्हणाला. "धान्य चालत नाही. ही बार्लीची ना?"

तुकोजीराव कमिटीवर असल्यामुळे शास्त्र त्यांच्याकडे असायचं. "धान्य खायचं नाही असं आहे," ते म्हणाले. "हे आपण पितोय."

"आणि नाचणीची?"

"तीही पितोयच ना. सुम्ने, गप बस रे तू."

शरतनं पहिली, कॉफीची, ओतली आणि मोबाइल पुढे धरला. मतं आवाजासकट हवी होती. रंगरावांनी ग्लास उजेडात धरून फिरवला. माणूस कापडाचा, आधी रंग बघणार.

"रंग पक्का आहे," ते म्हणाले. एक घोट घेतला. मग तोंड असं केलं की शरतनं मोबाइल जरा मागे घेतला. "पण बसत नाही. खांद्यात सैल आहे आणि पोटात दाटते. असला कोट मी गिऱ्हाइकाला दिला तर तो माझ्याच तोंडावर मारेल."

"अय्यो, ही कॉफी म्हणे," तुकोजीराव म्हणाले. "आमच्या घरी वसंता डिकॉक्शन काढल्यावर फिल्टर धुते, ते पाणी यापेक्षा बरं असतं. एवढी मोठी कंपनी, आणि एक माणूस नाही का तिथे चव घेऊन बघणारा?"

"मोठी आहे म्हणूनच," रंगराव म्हणाले. "लहान दुकानाला खराब माल परवडत नाही. आणि बिअर कशी, पिवळी हवी. आरपार दिसली पाहिजे. मोठी झाली म्हणून काय वाटेल ते काळं करून विकायचं?"

"चिदंबरमामा, तुमचं?" शरतनं विचारलं.

चिदंबरनं ग्लास रिकामा करून खाली ठेवला. "अगदी वाईट," तो म्हणाला. "अजून थोडी दे, नीट सांगतो."

अशा रीतीनं वाईट मत नीट सांगण्यासाठी तिघांनी पहिली बिअर दोन-दोन बाटल्या प्यायली. दुसरी गुळाची निघाली. तिच्याबद्दल तुकोजीराव म्हणाले की गुऱ्हाळाला आग लागल्यावर विझवलेलं पाणी असं लागेल. रंगराव म्हणाले की वरून मखमल आणि आतून गोणपाटाचं अस्तर. हिचाही तळ गाठल्याशिवाय आत कुठलं अस्तर आहे ते कळणार नव्हतं, म्हणून तळ गाठला. फुकटची असली की पुरुषमाणसाला दुरित दिसत नाही, दोष तेवढा दिसतो.

तिसरी, नाचणीची, शरतनं फोडली. तिघांचे ग्लास अर्धे झाले, रंगरावांनी मत सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांचा फोन वाजला.

"कुठे आहात?" तुंगाबाई.

"सरगूर," रंगराव म्हणाले. "मापंच चाललीत."

"बिडी, सोडा ती मापं. आधीच्या वीणेकऱ्याची पाठ धरलीय. ते आत्ताच वीणा देतायत. लोक जमलेत. तुम्ही मिळेल ती गाडी करून या. आणि तुकोजीरावांचा फोन लागत नाही, चिदंबरचाही नाही. हे लोक एकादशीला जातात तरी कुठे?"

तुकोजीराव आणि चिदंबर आपापल्या बंद फोनकडे बघत उभे राहिले. मग जी धावाधाव झाली ती झाली. तोंडं धुतली. वेलदोडे चावले. चिदंबरनं हातात येईल ती कढीपत्त्याची काडी पानांसकट खाल्ली. दाराआड अंधार होता, रिक्षा खाली हॉर्न मारत होती, खिळ्यावर हात गेला आणि हाताला लागेल ती माळ प्रत्येकानं गळ्यात घातली.

"काका, तिसरीचं मत राहिलं," शरत जिन्यावरून ओरडला. कुणी ऐकलं नाही, म्हणून तो मागून स्कूटर काढून निघाला.

मंदिराच्या दारात तुंगाबाई नवी इरकल नेसून उभ्या होत्या. रिक्षातून तिघंही एकदमच उतरले.

"या," त्या म्हणाल्या. "सरगूर फार जवळ आलं वाटतं. सरकारनं उचलून आणलं का?"

"वाटेत होतो," रंगराव म्हणाले.

"आणि हे दोघं?"

"वाटेत भेटले."

तुंगाबाईंना वास आला नसता. आत उदबत्ती होती, कापूर होता, आणि चिदंबरच्या तोंडून कुणी फोडणी दिल्यासारखा कढीपत्ता येत होता. पण त्यांची नजर गळ्याकडे गेली. आता या गावातल्या निम्म्या माळकऱ्यांच्या माळा तुंगाबाईच ओवून देत. दुकानात ज्याचं काम चाललेलं असेल त्याच्या उरलेल्या दोऱ्यानं. नवऱ्याची माळ मरून दोऱ्यात. तुकोजीराव पोलिसांचे गणवेश शिवायचे, त्यांची खाकी. चिदंबरची पोपटी, कारण त्याला पोपटीशिवाय काही शोभायचं नाही.

रंगरावांच्या गळ्यात खाकी होती. पोटापर्यंत लोंबत होती, कारण तुकोजीरावांची मान म्हणजे म्हशीची. तुकोजीरावांना पोपटी फासासारखी बसली होती. आणि चिदंबरच्या गळ्यात तुंगाबाईंच्या नवऱ्याची मरून.

माळ आपल्या पायानं गळ्यातून उतरत नाही. ती कशासाठी उतरवतात आणि खिळ्याला टांगून काय करतात, हे बायकांना माहीत असतं. तुंगाबाईंचा हात कमरेवर गेला. तोंड उघडलं. आणि तेवढ्यात आतून हाक आली, "रंगराव, या. वीणेला थांबवायचं नसतं."

तुंगाबाईंनी तोंड मिटलं. आता बोललं तर नवऱ्याची अब्रू जाणार, ती काही फार मोठी वस्तू नव्हती. पण वीणेकऱ्याची बायको म्हणून नवी इरकल नेसून आलेल्या बाईची जाणार. ती मोठी होती.

वीणा खांद्यावर चढली. टाळ सुरू झाले. रंगराव तोंड बाजूला करून गाऊ लागले आणि पहिला अभंग बरा गेला. दुसऱ्यात त्यांचे गुडघे एकमेकांजवळ आले. कॉफीची दोन, गुळाची दोन आणि नाचणीची अर्धी बाहेर पडायची वाट मागू लागली होती. त्यांनी तुकोजीरावांकडे बघून भुवया उडवल्या. घ्या म्हणून.

तुकोजीराव पुढे सरकले. तुंगाबाई खांबाजवळून हळूच म्हणाल्या, "तुकोजीराव, दोरा पोपटी कधीपासून आवडायला लागला?"

तुकोजीरावांनी आपल्या छातीकडे बघितलं, रंगरावांच्या छातीकडे बघितलं, आणि जिथून आले होते तिथे जाऊन उभे राहिले. चिदंबरला काही सांगावं लागलं नाही. त्यानं माळ मुठीत झाकून घेतली आणि डोळे मिटले.

आणखी कुणी पुढे होईल म्हणून तुंगाबाई वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. "कुणी वीणा घेऊ नका. यांनी संकल्प केलाय. आरतीपर्यंत खांद्यावरून उतरवणार नाहीत."

लोकांनी हात जोडले. रंगरावांनी बायकोकडे असं बघितलं की त्या बघण्यावर दगड विरघळला असता. तुंगाबाई विरघळल्या नाहीत.

तेवढ्यात शरत घामाघूम होऊन आला आणि गर्दीतून काकांच्या कानाशी पोहोचला. "काका, साहेबांचा दोनदा फोन आला. फक्त तिसरीचं सांगा. नाचणीचं. एका शब्दात."

"सर बाजूला," रंगराव अभंगाच्या चालीत म्हणाले.

"तिसरी कोण रे?" तुंगाबाईंनी शरतचा कान धरला. कान हातात असला की शरत लहानपणापासून खरंच बोलायचा. त्यानं कंपनी, कॉफी, गूळ, नाचणी, कच्ची नोकरी, सगळं सांगितलं.

"आणि आवडली का यांना?"

"नाही मावशी. दोन्हीला फार शिव्या दिल्या."

"शिव्या देऊन चार-चार बाटल्या," तुंगाबाई म्हणाल्या. "आवडली असती तर मंदिर विकून आले असते. आण तो मोबाइल." त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला. "साहेब, मी रंगरावांची बायको बोलते. तुमची नाचणीची बिअर मी प्यायले नाही, पण पिणारा समोर उभा आहे. माल वाईट आहे. आत टिकत नाही आणि बाहेर येऊ देता येत नाही. आणि आमच्या शरतची नोकरी पक्की करा, त्याच्यासाठी तीन संसार पणाला लागलेत. साकु, एवढं पुरे."

इकडे रंगराव या पायावरून त्या पायावर होऊ लागले होते. टाळकऱ्यांना वाटलं माणूस रंगलाय, म्हणून त्यांनी लय वाढवली. लय वाढली तशा रंगरावांच्या उड्या वाढल्या. कपाळावर घाम आला, ओठ थरथरले, आणि शेवटी दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बायकांत कुणी हुंदका दिला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की असा चेहरा त्यांनी उभ्या जन्मात वीणेखाली बघितला नव्हता. आरतीचं ताट फिरलं, "पुंडलिक वरदे" झालं, आणि रंगरावांनी वीणा समोरच्याच्या अंगावर जवळजवळ फेकली आणि देवळामागे धावले. लोकांनी वाट दिली. वाटलं, भाव आवरेना.

ते परत आले तोवर कमिटीनं ठरवूनही टाकलं होतं. यापुढे दर एकादशीला वीणा रंगरावांची. भर सभेत सांगितलं ते तुकोजीरावांनीच. न सांगून करणार काय, गळ्यात अजून पोपटी होती. तुंगाबाईंना हार घातला. लोक पाया पडले. त्यांनी पदर सावरला आणि मनात म्हटलं, बाटलीतून का होईना, घरात मान आला.

वसंता, म्हणजे तुकोजीरावांची बायको, हे सगळं बघत कोपऱ्यात बसली होती. नवऱ्याचा खाकी दोरा कुणाच्या पोटावर लोंबतोय हे तिलाही दिसलं होतं. आपल्या नवऱ्याला तुंगाबाईंनी सगळ्यांसमोर मागे उभा केला, हेही. ती गोड आवाजात म्हणाली, "अक्का, वीणेकऱ्याच्या बायकोनं डोक्यावर तुळस घेऊन शेजारी उभं राहायचं असतं, नाही का? आमच्या सासूबाई राहायच्या."

"आयतु, राहीन की," तुंगाबाई म्हणाल्या. हार गळ्यात असताना बाई दुसरं काय म्हणणार.

पुढच्या पंधरवड्यात कंपनीनं तिन्ही काळ्या बिअर गुंडाळल्या. शरत म्हणाला, साहेबांनी मावशींचं मत मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवलं आणि त्याची नोकरी पक्की केली. एवढं सरळ मत आजवर कुणी दिलं नव्हतं म्हणे. आणि एरवी असल्या मतासाठी कंपनीला शिकलेल्या माणसांना पगार द्यावा लागतो.

पुढची एकादशी आली. रंगराव सकाळपासून नुसत्या पाण्यावर होते, तेही जपून. गळ्यात मरून दोरा. वीणा खांद्यावर घेऊन ताठ उभे राहिले, फुलासारखे हलके. शेजारी तुंगाबाई, डोक्यावर पितळी वृंदावन, त्यात माती, तुळस आणि वसंतानं येता-जाता घातलेलं तीन तांबे पाणी. तुंगाबाईंचे गुडघे काही कमिटीवर नव्हते, मानासाठी गप्प राहायला. पहिल्याच अभंगाला बोलायला लागले.

त्यांनी डोळ्यांनीच वसंताला खूण केली. वसंता उठली, वृंदावन घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"नको वसंता," रंगराव मोठ्यानं म्हणाले आणि सगळ्या मंदिराकडे बघून त्यांनी हात जोडल्यासारखी वीणा कपाळाला लावली. "कुणी तुळस घेऊ नका. हिनं संकल्प केलाय. आरतीपर्यंत."

लोकांनी हात जोडले. तुंगाबाई लोकांकडे बघून हसल्या आणि दातांमधून म्हणाल्या, "घरी चला तुम्ही."

"येतो की," रंगराव म्हणाले आणि टाळकऱ्यांना लय जरा संथ ठेवायची खूण केली. "आरती झाल्यावर."