आप्पांचं प्लूमेज

गावात भेटेल तो 'बरं हाय का?' म्हणून विचारतो. आप्पा प्लूमेज विचारत.

"काय सेक्रेटरी, आज प्लूमेज उतरलंय कावून?"

की मी समजायचो, घरातलं भांडण तोंडावर दिसतंय.

आप्पा आमच्या कुक्कुटपालन सहकारी संस्थेचे चेअरमन, मी सेक्रेटरी. कोंबड्यांच्या ट्रेनिंगला गेले आणि तिथून हा एक इंग्रजी शब्द घेऊन आले. प्लूमेज म्हणजे पक्ष्याच्या अंगावरची सगळी पिसं. अर्थ एवढाच; पण आप्पांनी तो धारूरच्या बाजारापासून सोयरिकीच्या बैठकीपर्यंत राबवला. सफारीतला नवरदेव बघून म्हणाले, "प्लूमेज लई झ्याक हाय. पर पोरगं काम काय करतंय?" दुष्काळाच्या पाहणीला आलेल्या साहेबाला तर तोंडावरच, "साहेब, तुमचं प्लूमेज चकाकायलंय. तुमच्याकडं टँकर टायमावर येतो वाटतं!" साहेबांना शब्द कळला नाही. ते थँक यू म्हणाले.

त्याच दुष्काळात संस्थेच्या कोंबड्यांनी पिसं गाळली. माना उघड्या पडल्या, अंडी बंद झाली. दाणा संपत आलेला. मीटिंगमध्ये सगळ्यांचं ठरलं, कोंबड्या विकून टाकायच्या, सोमवारी व्यापाऱ्याचा टेम्पो बोलवायचा. एकटे आप्पा आडवे आले.

"गेलेलं प्लूमेज माघारी येतंय बे! जरा दम धरा की!"

कोणी ऐकेना, तेव्हा हा बाबा सगळ्या कोंबड्या स्वतःच्या अंगणात घेऊन गेला. गाव पोट धरून हसलं. मीही हसलो.

रविवारी त्यांची समजूत घालायला गेलो. अंगणात आप्पांची बायको, आमच्या काकू, बसल्या होत्या. मोठ्या दवाखान्यातून उपचार घेऊन आल्यापासून त्या कोणाला दिसल्या नव्हत्या. पदर खांद्यावर आला होता आणि डोक्यावर केस नव्हते. एकेक कोंबडी मांडीवर घेऊन त्या तिची मान चाचपत होत्या.

आप्पांनी मला बाजूला घेतलं. "आल्यापसून आरसा बघंना, जेवंना. म्या म्हणलं, कोंबडीचं गळतंय तसंच हाय हे, माघारी येतंय. तवापसून रोज ह्यांच्या माना बघायली. उद्या ह्या टेम्पोत गेल्यावर म्या तिला काय दावू, सेक्रेटरी?"

 

तेवढ्यात काकूंनी हाक मारली, "अवो, हिकडं या. हिच्या मानंला काय टोचायलंय बघा."

आप्पा धावले. बोट फिरवलं. नव्या पिसांची टोकं होती.

काकूंनी त्यांचा हात तसाच धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. व्यापाऱ्याला टेम्पो नको म्हणून कळवायला मी निघालो.