गोजी खारीची रीतसर परवानगी

एका जंगलात रेंज आली.

त्याआधी, मुलांनो, तिथले प्राणी पाणवठ्यावर भेटत, एकमेकांची विचारपूस करत आणि जमलं तर एकमेकांना खात. रेंज आल्यावर सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून बसू लागले. हरणं जास्त जगू लागली, कारण वाघाचं लक्षच नसे.

त्या जंगलात वेणूताई नावाची साळिंदर राहायची. दर सोमवारी ती स्वतःचाच एक काटा जांभळाच्या रसात बुडवून केरबा नावाच्या शेणकिड्याची गोष्ट चित्रांतून काढायची आणि मोबाइलवर टाकायची. केरबा शेणाचा गोळा टेकडीवर ढकलत न्यायचा. गोळा घरंगळायचा. केरबा पुन्हा खाली उतरायचा. एवढंच. पण सगळं जंगल त्या शेणकिड्यासाठी हळहळायचं. एकदा गोळा ओढ्यात पडला, तेव्हा तरसानेसुद्धा डोळे पुसले होते.

केरबावर सगळ्यांत जास्त जीव होता तो गोजी खारीचा. त्या वर्षी वणव्यात तिच्या शेजारचं झाड जळालं होतं आणि त्या झाडावरची तिची मैत्रीण नदीपलीकडे राहायला गेली होती. तेव्हापासून गोजीला बोलायला कुणी नव्हतं. एका सोमवारी वेणूताईंनी केरबाला टेकडीच्या पायथ्याशी एकटाच, पाठमोरा बसलेला दाखवला. ते चित्र पाहून गोजीला जेवण गेलं नाही. तिला वाटलं, याच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं.

तिच्या मनात एक गोगलगाय आली. पण केरबा पडला वेणूताईंचा. म्हणून गोजीने त्यांना निरोप लिहिला. सात वेळा लिहिला, सहा वेळा खोडला. दोन दिवसांनी उत्तर आलं: काढ, पण केरबाचं लग्न लावू नकोस आणि खाली माझं नाव लिही.

गोजीने चित्र काढलं. केरबा तसाच पाठमोरा, आणि शेजारी तशीच पाठमोरी गोगलगाय. दोघंही गप्प. चित्राभोवतीच्या चौकटीची वेलबुट्टी मूळ एका वटवाघळाची होती, तर तिने त्यालाही विचारलं. ते इतकं चकित झालं की क्षणभर सुलटं लटकलं. मग गोजीने खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं: केरबा वेणूताईंचा, वेलबुट्टी वटवाघळाची, गोगलगाय आणि चुका माझ्या.

चित्र एकवीस जणांना आवडलं. त्यातले चार जण तिचे मामा होते.

बाविसावा होता रंगराव कोल्हा. त्याला ते इतकं आवडलं, की त्याने खालची पट्टी कापली, कोपऱ्यात स्वतःचा गॉगल घातलेला फोटो चिकटवला, वर लिहिलं ‘आज सहज सुचलं’, आणि दिलं टाकून. संध्याकाळपर्यंत चार हजार प्राण्यांनी बदाम पाठवले. हरणांनी तर ते सकाळच्या शुभेच्छांत घालून एकमेकांना पाठवायला सुरुवात केली.

गोजीने त्याच्या चित्राखाली नम्रपणे लिहिलं की हे चित्र माझं आहे आणि केरबा वेणूताईंचा आहे. रंगरावाने लगेच उत्तर दिलं. कला ही सर्वांची असते, ताई, इतकं संकुचित होऊ नये. पुढे हात जोडलेले होते. त्याच्या चाहत्यांनी गोजीला जळकी म्हटलं. एका लांडग्याने समजावलं की नेटवर टाकलेलं सगळ्यांचंच असतं. त्याने स्वतःची शिकार मात्र सात कुलपांत ठेवली होती. रात्र व्हायच्या आत रंगरावाने गोजीला ब्लॉक केलं.

आठवड्याभरात बातमी आली, की त्या चित्राबद्दल वनराज रंगरावाला ‘वनभूषण’ देणार. गोजीला पुरस्कार नको होता. पण शेजारी बसणारी गोगलगाय तिला फार मुश्किलीने सापडली होती. ती तडक दरबारात गेली आणि जे झालं ते तिने सांगितलं.

वनराज सिंह पंजाने मोबाइल वरखाली करत ऐकत होते.

“केरबा वेणूताईंचा, हे तूच लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“हो, महाराज.”

“म्हणजे तू दुसऱ्याचं घेतलंस.”

“विचारून घेतलं.”

“घेतलंस की नाही, तेवढं सांग.”

“घेतलं,” गोजी म्हणाली.

वनराज रंगरावाकडे वळले. “आणि तुम्ही?”

“महाराज,” रंगराव छातीवर पंजा ठेवून म्हणाला, “मी आजवर कुणालाही काहीही विचारलेलं नाही.”

दरबारात कौतुकाची कुजबुज झाली. असा स्वयंभू कलावंत जंगलाने पाहिला नव्हता.

तेवढ्यात वेणूताई आल्या. त्यांनी काटे फुलवले नव्हते, पण फुलवायच्या बेतात होत्या. गोजीने परवानगी मागितली होती आणि आपण ती दिली होती, असं सांगून त्यांनी निरोप उघडून दाखवला. वनराज खूश झाले. इतका स्वच्छ लेखी पुरावा दरबारात कधी आला नव्हता. खारीने घेतलं, हे खारही कबूल करते आणि साळिंदरही. कोल्ह्याविरुद्ध मात्र कागदाचा एक कपटासुद्धा नाही.

निकाल तिथेच लागला. गोजीने केरबा काढायचा नाही. ‘वनभूषण’ रंगरावाला. आणि केरबा आता चार हजार प्राण्यांना रंगरावाचा म्हणून माहीत असल्यामुळे, वेणूताईंनी यापुढे दर सोमवारी खाली लिहायचं: रंगरावांच्या कल्पनेवर आधारित.

रंगरावाने आभाराचं भाषण केलं. ते गेल्या वर्षी मोराने केलं होतं. मोरही टाळ्या वाजवत होता, कारण भाषण त्याला ओळखीचं वाटलं आणि म्हणून आवडलं.

गोजी घरी आली. महिनाभर तिने काही काढलं नाही. जांभळाचा रस वाळून गेला. ती फक्त जळक्या झाडाकडे तोंड करून बसायची.

मग एका दुपारी झाडाखालून हाक आली. साळिंदराला झाडावर चढता येत नाही, म्हणून वेणूताई बुंध्याशी मान वर करून उभ्या होत्या. गोजी खाली उतरली.

“माझं अडलंय,” वेणूताई म्हणाल्या. “महिना झाला, केरबा उठतच नाही. तुझी गोगलगाय शेजारी असली तर उठेल असं वाटतंय. तिला घेऊ का?”

“तुम्ही मला विचारताय?”

“गोगलगाय तुझी. मग कुणाला विचारू?”

गोजी लगेच हो म्हणणार होती. पण तिला आयुष्यात कुणी कधी असं विचारलं नव्हतं, आणि ते इतकं बरं वाटत होतं की तिने थोडा वेळ विचार केल्यासारखं दाखवलं. मग तिने अट घातली. गोगलगाय हळू चालेल. केरबाने तिला घाई करायची नाही.

वेणूताईंनी अट मान्य केली आणि जाताना स्वतःचा एक काटा तिला ठेवायला दिला.

सोमवारी चित्र आलं. केरबा उठला होता. गोळा ढकलत होता, आणि दर दोन पावलांवर थांबून गोगलगायीची वाट पाहत होता. खाली लिहिलं होतं: केरबा वेणूताईंचा, गोगलगाय गोजीची. त्याखाली, दरबाराच्या हुकमाप्रमाणे, रंगरावांचं नाव होतंच. एका सशाने लिहिलं की चित्र बरं आहे, पण इतकी नावं कशाला, त्यात गोळा झाकला जातो.

गोजीने ते वाचलं आणि मोबाइल ढोलीत टाकला. मग ती खाली उतरून वेणूताईंच्या बिळाकडे निघाली. पुढच्या सोमवारी टेकडी कुठून चढायची, ते अजून ठरायचं होतं.

तात्पर्य: मुलांनो, दुसऱ्याची वस्तू घेताना कधीही विचारू नये. विचारलं की ती दुसऱ्याची होती, हे सिद्ध होतं. आणि अगदी राहवलंच नाही, तर तोंडी विचारावं.