पाव्हणा बोलंना

सकाळी बरोबर दहा वाजून पन्नास मिनिटांनी मी ती पिन उपसली. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती पाव्हण्यानंच सांगितली होती. त्यानंतर तो बोलला नाही.

पाव्हणा म्हणजे आमचा कॉम्प्युटर. माझे मिस्टर, आकाश, जन्मापासून आंधळे आहेत, म्हणून आमच्या कॉम्प्युटरला पडदाच नाही. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, कीबोर्ड, माइक आणि एक स्पीकर. हे बटणं दाबतात आणि आतला पुरुष काय चाललंय ते वाचून दाखवतो. पडदा कशाला, उगाच जागा खातो, असं ह्यांचं म्हणणं. (पुंडलिकनगरात आमची खोली एकच, त्यामुळं जागेचं मला लगेच पटलं.) सासूबाई पाचोडहून आल्या तेव्हा घरात परका पुरुष बोलतोय म्हणून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. पुरुष कुठं दिसेना, तरी घेतलेला पदर काही खाली आला नाही. तेव्हापासून तो पाव्हणा.

त्या दिवशी अकरा वाजता ह्यांची मुलाखत होती, कॉम्प्युटरवरच. पुण्याची कंपनी, घरी बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. आधीच्या कंपन्यांनी 'कळवतो' म्हणून कळवलं नव्हतं. ही नोकरी हुकली तर खोली सोडून पडेगावला माझ्या माहेरी राहायला जायचं, असं ठरलं होतं. माहेरी वहिनी आहे. जास्त सांगत नाही.

ह्यांनी वेळेआधीच सगळं जोडून ठेवलं. कंपनीचे साहेब अकराला मुलाखतीत आत घेतील, म्हणाले, आणि शर्ट बदलायला मोरीत गेले. इकडं आमच्या बाळाला, सम्यकला, दात येतायत. रात्रभर किरकिर करून तो नुकता झोळीत झोपला होता, आणि पाव्हणा आपला मोठ्यानं म्हणतोय, 'कृपया प्रतीक्षा करा.' परत म्हणतोय. मग वेळ सांगतोय. सम्यकचा एक डोळा उघडला.

मी विचार केला, शर्ट घालून होईपर्यंतच. स्पीकरची पिन ओढली. पाव्हणा गप्प, डोळा बंद. हे बाहेर यायच्या आत मी पिन परत बसवली सुद्धा. पेटीला शेजारी शेजारी दोन भोकं आहेत. एकावर कानांचं चित्र, दुसऱ्यावर माइकचं. आमचा माइक मागं यूएसबीला लावलेला, म्हणून हे दुसरं भोक रिकामंच असतं. मला दोन्ही चित्रं वांग्यासारखीच दिसली. पिन टक करून बसली, म्हणजे बसली.

हे खुर्चीत बसले, बटण दाबलं. काहीच नाही. दुसरं दाबलं. ह्यांच्या कपाळावर घाम आला, आणि ते पाहून मला.

"पाव्हणा बोलंना व्हय?" सासूबाई पदर सावरत म्हणाल्या. "रुसला असंल. रात्री कुणी काय बोललं का त्याला?"

माझ्याकडं बघून म्हणाल्या.

मी धावत जाऊन वरच्या मजल्यावरून घरमालक बद्रीनाथ काकांना आणलं. काका रिटायर झाल्यापासून गल्लीतली कुठलीही बिघडलेली वस्तू त्यांना लागतेच. त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली.

"पडदा कुठंय?"

"नाही," हे म्हणाले.

"मग बिघाड दिसणार कशात?"

"बिघाड दिसत नसतो काका, ऐकू येतो."

"बरं. काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"मग चांगलंच आहे की."

काकांनी मग स्वतःचा टीव्हीच भिंतीवरून उतरवून आणला आणि सम्यकच्या गोधडीवर आडवा केला. त्याची वायर पेटीच्या मागं कुठं जाईना. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते. मोबाइलला रेंज दारातच मिळते, म्हणून हे मित्राला फोन लावायला दारात जाऊन उभे राहिले. मित्राचा फोन बंद. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला माझ्या माहेरची मागची खोली दिसायला लागली, त्यात आमची ट्रंक, आणि वहिनीचं तोंड.

ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी काकांना टेबलापाशी ओढलं, पार माइकपर्यंत, आणि कुजबुजले, "काका, काहीतरी करा. सराव करकरून माणूस झोपेत झोळीला 'सर, तुमची काय तक्रार आहे' म्हणून विचारतो हो. पोरगं रडलं तरी 'तुमची तक्रार नोंदवली आहे' म्हणतो. ही पण कंपनी बेअक्कलच निघाली तर हा माणूस खचून जाईल."

बोलता बोलता मला रडू आलं. मला बघून सम्यकनं सुरू केलं. तशीच माइकजवळ उभी राहून मी त्याला अंगाईही म्हटली. (माझा आवाज कसा आहे ते मिस्टर कधी सांगत नाहीत.)

हे आत आले. कुणाला काही न विचारता पेटीवरून बोटं फिरवायला लागले. मागं, बाजूनं, मग पुढं. एका जागी बोट थांबलं.

"करुणा."

"अं?"

"पिन माइकच्या भोकात कशी गेली?"

मी सम्यककडं पाहिलं. नाव घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

ह्यांनी पिन काढून शेजारी घातली, तसा स्पीकरमधून पुरुषाचा आवाज आला, "हॅलो, ऐकू येतंय का?"

सासूबाई ताडकन उठल्या. "आता वाचा फुटली व्हय रं तुला? इतका वखत माझ्या लेकराला रडवलं, अन् आता इचारतो ऐकू येतंय का! लई माजला तू. उद्यापासून तुझी वायरच काढून ठेवते."

हे हळूच म्हणाले, "आई, हा पाव्हणा नाही. साहेब आहेत."

सासूबाई टीव्हीमागं लपल्या. टीव्ही आडवा होता.

साहेब म्हणाले, त्यांनी आम्हाला अकराच्या ठोक्यालाच आत घेतलं होतं. इकडचं सगळं तिकडं स्वच्छ ऐकू येत होतं. 'बेअक्कल' पण. अंगाई पण. तिघांची कमिटी बसली होती, तिघांनीही ऐकलं. मी भिंतीला टेकले. गेली नोकरी, बांधा ट्रंक.

साहेबांनी घसा साफ केला. "आकाश, इतका गोंधळ चालू होता, पण तुमचा आवाज एकदाही चढला नाही. असल्या घरात जो शांत राहतो, त्याला आमची गिऱ्हाइकं काय करणार? सोमवारपासून सुरू करा. फक्त एक अट. कामाच्या वेळेत मॅडम माइकच्या आसपास नकोत."

खोली एकच. म्हणून सोमवारपासून मी सम्यकला घेऊन बाहेर जिन्याच्या पायरीवर बसते. सासूबाई आत असतात. त्यांच्याबद्दल साहेब काही म्हणाले नव्हते.

आता येणारी जाणारी प्रत्येक बाई हळू आवाजात विचारते, काय झालं गं, आणि मी सांगायला तोंड उघडलं की आतून हे म्हणतात, "करुणा, आवाज येतोय." तेव्हा वाचणाऱ्यांनी एवढं करावं. पुंडलिकनगरात कुणी ओळखीचं असेल तर निरोप द्या की करुणाला नवऱ्यानं हाकललेलं नाही, ती आपली पिनमुळं बसली आहे. आणि निरोप जरा हळू द्या, दार उघडं असतं.