पेट्रोलचं वय विचारणारा माणूस

आमच्या गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत पेट्रोलचं वय विचारणारा एकच माणूस आहे. तुम्ही बिघडलेली मशीन घेऊन दामूकाकांच्या दुकानात गेलात, की ते तुमचं नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, मशीनला काय झालं तेही विचारत नाहीत. टाकीचं झाकण उघडतात, डोळे मिटतात, नाक आत घालतात आणि नवं बाळ बघायला आलेल्या म्हातारीच्या सुरात विचारतात, "किती दिवसाचं झालं?"

गिऱ्हाईक गोंधळतं. "दोन वर्षं झाले ना घेऊन."

"मशीनचं नाही गा. आतल्या पेट्रोलचं."

हे आजपर्यंत कुणालाही सांगता आलेलं नाही. मग काका टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढतात, उजेडाकडे धरतात आणि बुडाशी साचलेला पाण्याचा थर दाखवतात. "दूध असतं तं फेकून देलं असतं ना? मंग हे काहून सांभाळून ठेवलं? पेट्रोल बी नासते. पण वास घ्याले कोणाले फुरसत हाये? दुनियाच शिळी झाली गा."

दुनिया शिळी झाली, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाऊस लांबला तरी तेच, जावई उलट बोलला तरी तेच.

दामूकाका गवत कापायच्या मशिनी, फवारणीचे पंप, शेतात पाणी ओढायची छोटी इंजनं, असलं सगळं दुरुस्त करतात. त्यांचे वडील कोष्टी काम करायचे, माझेही. दोन्ही घरांतले हातमाग गेले. काकांनी पाना धरला, मी पुस्तक धरलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एस्सी., केमिस्ट्री घेऊन. हे मी कुठेही सांगतो, लाजत नाही. आज शाळेत विज्ञान शिकवतो आणि सगळी गल्ली मला मास्तर म्हणते.

एकदा या शिक्षणाच्या जोरावर मी काकांना समजावलं, की पेट्रोल पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा डिंक होतो, आणि आताच्या इथेनॉल घातलेल्या पेट्रोलला हवेतली ओलही लागते. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे समजाले तुले तीन वर्षं लागले?"

"हो."

"मले एका पावसाळ्यात समजलं," ते म्हणाले आणि पान्यानं नट आवळायला लागले.  तो पावसाळा कुठला, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

अकरा वर्षं झाली. काकांचा धाकटा भाऊ सुखदेव लग्नानंतर रामटेकच्या पलीकडे, सासुरवाडीच्या धानाच्या शेतीवर राहायला गेला होता. आई इथे काकांकडे. आईचं काही खरं नाही, असा काकांनी त्याला फोन केला, तेव्हा त्याची मोपेड उन्हाळ्यापासून मांडवात उभी होती. टाकीत तेच जुनं पेट्रोल. भर पावसात दोन तास त्यानं किका मारल्या. गाडी सुरू झाली नाही. शेवटी चिखल तुडवत रामटेकपर्यंत चालत आला, एस.टी. धरली आणि पोचला तेव्हा आम्ही सगळे घाटावरून परत येत होतो.

भर गल्लीत काका त्याला म्हणाले, "गाडी सुरू होत नव्हती म्हणते! माय काय तुह्या गाडीसाठी थांबणार होती?"

सुखदेव उंबऱ्यातूनच माघारी गेला. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. फोन नाही, लग्नाची पत्रिका नाही, दिवाळी नाही.

बोलत नाहीत, पण दरवर्षी जूनच्या शेवटी, धानाच्या रोवणीच्या आधी, सुखदेवचं बोडीतून, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यातून, पाणी ओढायचं पेट्रोलचं इंजन काकांच्या दुकानी येतं. त्या गावचा एक टेम्पोवाला आणून टाकतो. चिठ्ठी नाही, निरोप नाही. इंजन सुरू होत नाही, एवढंच. काका टाकी हुंगतात, कार्बुरेटर उघडतात, आणि आत हिरवट-पिवळा डिंक. मागच्या हंगामाचं पेट्रोल सुखदेवनं टाकीत तसंच सोडलेलं असतं.

मग काका सुरू होतात. "पाहा गा मास्तर, पाहा! गाढवाले अजून अक्कल नाही आली." दोन तासांचं काम ते आठ दिवस करतात. इंजन पुसता पुसता मला बातम्या सांगतात. "इंजन सुरू करायच्या दोरीची मूठ जाडी केली यानं. खांदा दुखत असन." एका वर्षी म्हणाले, "हळदकुंकू तसंच हाये. दसऱ्याले पूजा करते अजून. मायनं लावलेली सवय." दुसऱ्या वर्षी हँडलला तरण्या पोरी नेसतात तशा फुलाफुलांच्या साडीची चिंधी गुंडाळलेली होती, तर ती चिंधी बोटांत धरून म्हणाले, "सून बरी हाये वाटते त्याची." आपला पुतण्या लग्नाचा झाला आणि त्याचं लग्नही झालं, हे काकांना एका चिंधीवरून कळलं.

इंजन परत पाठवताना टेम्पोवाल्याजवळ प्रवचन जातं. "त्याले सांगजो, पाण्याचं काम झालं का टाकी रिकामी कर. मंग इंजन आपोआप बंद पडतवरी चालव, म्हणजे कार्बुरेटरमधलं बी जळते. प्लग काढून एक चमचा तेल सोड, दोरी हळू ओढून ठेव. वरून ताडपत्री. बस. लेकरू बी करन इतकं काम हाये."

"दरवर्षी सांगतो काका मी."

"मंग? काय म्हणते?"

"काही नाही. मान हलवते."

हे मान हलवणं काका पुढच्या जूनपर्यंत पुरवतात.

तसं हे प्रवचन काका सगळ्यांनाच देतात. अकरा वर्षं देत आहेत. अकरा वर्षांत एक शिष्य नाही. सावनेरच्या एका कास्तकाराला काकांनी बजावलं होतं की पेट्रोल सावलीत, गार जागी, पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेव, तर घरातली सगळ्यात गार जागा शोधून त्यानं ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून देव्हाऱ्याखाली ठेवलं. वर रोज समई. काकांनी हे ऐकलं तेव्हा दुकानातल्या देवाच्या फोटोकडे वळून हात जोडले. "तुह्याच भरोशावर चालून राहिलं सगळं." कोराडीच्या कॉलनीत गवत कापणाऱ्या एकाला पेट्रोलमध्ये मापानं ऑइल मिसळायला सांगितलं होतं. ऑइल संपलं म्हणून त्यानं घरचं खोबरेल तेल टाकलं. "काहून गा? मशीन काय केस धुऊन बसली होती?"

दुकानातल्या प्रत्येक डब्यावर काका चिकटपट्टी लावून तारीख लिहितात. महिना उलटला की ते पेट्रोल गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये जात नाही. ते काकांच्या स्वतःच्या स्कूटरमध्ये जातं. "शिळं आपण खावं, लोकायले ताजं द्यावं." त्यामुळे ती स्कूटर दम्याच्या रोग्यासारखी खोकत गल्लीतून जाते आणि दोन घरं आधीच काकूंना कळतं की कुकर लावायला हवा.

काकूंचं दुःख वेगळं. "भाजी सकाळची का संध्याकाळची, हे या माणसानं जन्मात विचारलं नाही. मीठ नसलं तरी समजत नाही. पेट्रोलचं मातर बोट बुडवून सांगते, मंगळवारचं हाये."

"मंगळवारचंच होतं ते," काका म्हणतात.

आता दुकानात बॅटरीचे फवारणी पंप येतात. त्यांना टाकीच नाही. काका ते उलटसुलट करून पाहतात, हुंगतात, आणि काहीच वास येत नाही म्हणून खाली ठेवतात.

यंदा जून संपला. सुखदेवचं इंजन आलं नाही.

जुलैचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. गल्लीत टेम्पोचा आवाज आला की काका हातातलं टाकून बाहेर यायचे. सिलिंडरवाला असायचा. भंगारवाला असायचा. "पाऊस जास्त पडला असेल," मी म्हणालो. "बोडी भरली असेल. इंजनाची गरज नसेल पडली."

"कायचा पाऊस गा? रामटेककडे कोरडं पडून हाये. टीव्हीवर दाखवून राहिले." मग हातातला पाना पुसता पुसता म्हणाले, "मान हलवणारा माणूस हाये तो. काही झालं तं सांगणार बी नाही."

त्या शनिवारी ते माझ्या घरी आले. काका कुणाच्या घरी जात नाहीत. चहा घेतला, कप खाली ठेवला. "मास्तर, तू रामटेकच्या रामाचं दर्शन केव्हा घेतलं होतं?"

"शाळेच्या सहलीत."

"लय दिवस झाले. उद्या रविवार हाये. जाऊन ये."

"बरं. आणि दर्शन झाल्यावर?"

"झाल्यावर…" ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "सहज त्या अंगानं चक्कर मारून ये."

मी गेलो. राम लांबूनच पाहिला. खरं सांगायचं तर वाटेत मी मनातल्या मनात वाईट बातमी कशी सांगायची याची वाक्यं जुळवत होतो.

सुखदेवकाका बांधावर उभे होते. धडधाकट. डोकं पांढरं, चेहरा हुबेहूब काकांचा. शेताच्या कोपऱ्यात काळ्या काचेचे चार पत्रे उन्हाकडे तोंड करून उभे, आणि पाइपातून पाणी धो-धो धानाच्या बांधीत पडत होतं. आवाज नाही, धूर नाही. "सोलर बसलं गा यंदा," ते म्हणाले. "सूर्य निघाला का पाणी सुरू. पेट्रोलची भानगडच नाही." मग आवाज खाली आणून विचारलं, "दादा बरा हाये ना?"

"बरे आहेत. इंजनाची वाट पाहून राहिले."

ते मला गुरांच्या कोठ्यात घेऊन गेले. ताडपत्री बाजूला केली. इंजन आरशासारखं पुसलेलं. मी झाकण उघडून काकांसारखंच नाक आत घातलं. काही नाही. टाकी ठणठणीत कोरडी.

"बंद पडतवरी चालवलं," सुखदेवकाका म्हणाले. "प्लगातून चमचाभर तेल सोडलं. दोरी हळू ओढून ठेवली. दादा सांगते तसंच. त्याले सांगजा, आता तरास नाही देत म्हणून."

"म्हणजे तुम्हाला हे सगळं येत होतं?"

"येत होतं म्हणजे? माय गेली त्या सालापासून येते. त्या दिवसानंतर मी गाडीत एक थेंब शिळा राहू देला नाही गा."

"मग इंजनात दरवर्षी काहून राहू देत होते?"

त्यांनी ताडपत्रीची घडी परत नीट बसवली. कोपरे दाबले. "बिघडलं नसतं तं धाडलं कसं असतं?"

परत आलो तेव्हा काका दुकानाच्या पायरीवरच होते. मी लांबूनच ओरडलो, "बरे आहेत!" त्यांनी पायरीला धरून श्वास सोडला. मग मी सोलरचं सांगितलं. इंजन कोठ्यात ठेवलंय, हेही सांगितलं.

"टाकी?"

"कोरडी."

"कार्बुरेटरमधलं?"

"बंद पडेपर्यंत चालवलं म्हणाले."

"प्लगातून तेल?"

"एक चमचा."

काकांचा चेहरा फुलला. अकरा वर्षांत तो तसा मी पाहिला नव्हता. आत तोंड करून ओरडले, "ऐकलं काय वं? एकानं तं ऐकलं! सुख्यानं ऐकलं!" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांना आधी कळलं होतं.

काकांना थोडं उशिरा कळलं. ते पायरीवर बसले. "असं ठेवलं असन तं ते इंजन मी मरतवरी बिघडत नाही," ते म्हणाले. आवाज कारागिराचा होता, पण हात मांडीवर उलटे पडले होते.

"काका, तुम्हीच जा ना," मी म्हणालो. "सकाळच्या गाडीनं गेलात तर दुपारी परत."

"जाऊन काय सांगू गा? काम तं काहीच नाही."

 तेव्हा मी ती कोठ्यातली गोष्ट सांगून टाकली. ताडपत्रीची घडी घालताना सुखदेवकाका जे बोलले होते, ते जसंच्या तसं. काकू भिंतीला टेकल्या. काका माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी एखाद्या परक्या भाषेत बोललो होतो आणि ते एक एक शब्द लावून बघत होते.

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"आणि मीच तं निरोप धाडत होतो गा दरवर्षी," काका म्हणाले, "का टाकी रिकामी कर म्हणून."