प्रमाणित फांदी

सिंदेवाहीच्या पुढे, पळसबोडीच्या जंगलात वाघ बसलेला असला की वाटेवर एक हिरवी फांदी आडवी पडे. फांदी ताजी, तर खबर ताजी. पानं कोमेजली की वाघ सरकला. एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

फांदी टाकायचं काम मुखरू मडावीचं. उजाडता उजाडता माकडांची ओरड ऐकायची, नाल्याच्या वाळूत पंजे बघायचे, पळसाची फांदी मोडायची आणि वाटेवर टाकायची. त्याची बायको मंगली आणि दहा-बारा बाया मोहफुलं वेचायला जात, त्या या फांदीच्या भरवशावर. इतक्या वर्षांत एकीलाही वाघाने नेलं नाही. साहजिकच हे काम कोणत्याही अहवालात आलं नव्हतं.

हे अक्षम्य दुर्लक्ष दूर करायला लोकज्ञान संवर्धन कक्षाचे साहेब जातीने आले. मुखरूला खुर्ची दिली, शाल दिली आणि चार दिवस प्रश्न विचारले.

"फांदीची लांबी?"

"वाट जेवढी, तेवढी."

"कोन किती अंशाचा?"

"आडवी, साहेब. दिसली पाह्यजे, बस."

"आणि सुकली तर?"

"सुकली म्हंजे वाघ गेला. मंग जा खुशाल."

साहेबांनी लिहिलं : 'उणीव – टिकाऊपणा नाही.'

कक्षाने ती उणीव झपाट्याने दूर केली. मोहाच्या हंगामाआधीच फायबरच्या फांद्या आल्या. हिरव्यागार, पाच फुटी, ऊन लागत नाही, वाळवी लागत नाही, वर क्यूआर कोड. गावाच्या चौदाही वाटांवर एकेक फांदी सिमेंटात पक्की बसवली. मुखरूच्या गळ्यात 'ज्ञानधारक' असं ओळखपत्र पडलं.

"पण साहेब, सर्व्याच वाटांवर फांदी, तं बाया जातीन कुठून?"

"मुखरूजी, खबरदारी जास्त झाली तर बिघडतं कुठे?"

दोन दिवस बाया घरात बसल्या. तिसऱ्या दिवशी मोहफुलं हरणं खाऊन राह्यली म्हटल्यावर मंगलीने टोपली उचलली आणि फांदी ओलांडली. मागून साऱ्याजणी. आठवडाभरात फांदी ही ओलांडायची वस्तू आहे, हे गावाला पाठ झालं. कक्षाने शेरा मारला : 'प्रणालीचा लोकांकडून स्वीकार.'

मग एका सकाळी माकडं भलतीच ओरडली. मुखरू नाल्यावर गेला. वाघिणीचे पंजे, सोबत दोन पिल्लांचे, वाळू अजून ओली. तो मागे फिरला आणि वाटेवरच्या पळसाला हात घातला, तोच वनरक्षक धम्मदीपने त्याचं मनगट धरलं. धम्मदीप गावचाच पोरगा.

"नोका मोडू, काका. वृक्षतोड होते. आन् प्रमाणित फांदी असताना खाजगी फांदी टाकनं म्हंजे लोकायची दिशाभूल. पत्र आलं हाये."

"अरे बाप्पा, पिल्लावाली वाघीन हाये नाल्यात! तुही मायही येऊन राह्यली या वाटेनं!"

धम्मदीपचा चेहरा उतरला. "पन फांदी तं हाये ना तिथी."

"ते ओलांडते साऱ्या!"

"ओलांडन्यावर बंदीचा प्रस्ताव गेला हाये वर." त्याने कागद-पेन काढलं. "पंचनामा होईपर्यंत जागा सोडू नोका, काका. मायी नोकरी जाईन."

वळणावर बायांचं बोलणं ऐकू आलं. ओरडावं, तर वाघीण अंगावर येणार. जागा सोडावी, तर गुन्हा. मुखरूने डोक्याचा दुपट्टा सोडला आणि होता तिथेच वाटेवर आडवा झाला. धम्मदीपने पेन थांबवलं. आडवं पडण्याविरुद्ध पत्र नव्हतं.

फायबरची फांदी ओलांडून मंगली पुढे आली आणि जागीच थबकली. "हा मानूस उगाच पडाचा नाई," ती हळूच म्हणाली. "फिरा वं माघारी." धम्मदीपच्या मायने पोराकडे एकदा पाहिलं आणि तीही फिरली. नाल्यातून गुरगुर आली, तेव्हा बाया गावाला लागल्या होत्या.

ही गोष्ट कक्षाच्या कानावर गेली. साहेब पुन्हा आले. पुन्हा खुर्ची, पुन्हा शाल. साहेबांनी अडुसष्ट वर्षांच्या मुखरूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लिहिलं : 'उणीव – टिकाऊपणा नाही.'

आता चौदाही वाटांवर फायबरचे मुखरू आडवे पडलेले आहेत. दुपट्ट्यासकट, हुबेहूब. मंगलीने पहिल्याला पाहिलं आणि ढसाढसा रडली. आता तीही त्याला ओलांडून जाते.

"मंगले," मुखरू विचारतो, "आता वाघ आला तं म्या कुठी पडू?" म्हणून तो रोज पहाटे वाटेवर उभा राहतो आणि वाघ असला की येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतो.

तुम्ही मागच्या सुट्टीत सफारीला आला होता, तेव्हा फायबरच्या मुखरूपाशी फोटो काढलात. छान आलाय. तुमचा एक पाय त्याच्या पलीकडे पडलेला आहे. मागे झाडांत दोन्ही हात हलवणारा म्हातारा दिसतो, तो खरा मुखरू. गावातली माणसं किती अगत्याची, असं म्हणून तुम्हीही त्याला हात हलवून दाखवलात आणि पुढे निघालात.