मुक्कामी गाडीचे नाना

आमच्या संस्थेची सभा घंटी दिल्याशिवाय सुरू होत नाही. घंटी म्हणजे टेबलावरची नव्हे, एसटीतली, दोरी ओढून वाजवायची. भंगारवाल्याकडून आणून नानांनी ती स्वतः छताला टांगली आहे. दोनदा वाजली की सभा सुरू. एकदा वाजली की जो बोलतो आहे त्याने थांबायचं. मागे एक मोठे साहेब पाहुणे म्हणून आले आणि ‘वंचितांच्या सर्वांगीण उत्थाना’वर बोलू लागले. उत्थान फार लांबलं तेव्हा नानांनी दोरी ओढली. साहेब दचकले. नाना नम्रपणे म्हणाले, “साहेब, तुमचा स्टॉप आला.”

नाना धुळ्याच्या आमच्या संस्थेचे अध्यक्ष. सातपुड्याच्या पायथ्याला जे पाडे आहेत, तिथल्या मुलींसाठी संस्था वसतिगृह चालवते. मी तिथेच राहून शिकले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले आणि आता तिथेच अधीक्षिका आहे. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना नाना सांगतात, “ही आपली जुनी प्यासिंजर. आता स्टाफमध्ये.”

नाना आयुष्यभर कंडक्टर होते. संस्थेचे उपाध्यक्ष रशीदभाई त्यांच्याच गाडीवरचे ड्रायव्हर, मूळचे जळगावातल्या मेहरूणचे. दोघांची ड्यूटी बहुतेक मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी शेवटच्या गावाला जायचं, तिथेच झोपायचं, पहाटे प्रवासी घेऊन परत निघायचं. ज्या घरांनी त्यांना भाकरी वाढली, त्या घरांतल्या मुली सातवीनंतर गाडीत दिसेनाशा होत. पुढची शाळा लांब, राहायची सोय नाही. निवृत्तीनंतर लोक शेती बघतात, नातवंडं खेळवतात. या दोघांनी वसतिगृह काढलं.

कार्यालयातल्या खुर्च्यांच्या पाठीवर नानांनी रंगाने लिहून घेतलं आहे. कुठे ‘महिला’, कुठे ‘विद्यार्थी’, आणि कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर ‘आमदार’. तिच्यावर कोणालाच बसू देत नाहीत.

“पण आमदार येणार कधी, नाना?” मी एकदा विचारलं.

“नोकरीभर ती सीट सांभाळली, एक आमदार चढला नाही. पण सीट ठेवावी लागते, बेटा.”

दोघांचं भांडण रोज ठरलेलं. नानांना नवी खोली आजच बांधायची असते. रशीदभाई म्हणतात, “अरे, आधी जागा बघ! कंडक्टरला काय, दोरी ओढली की झालं. रस्ता आम्हाला दिसतो.”

“आणि प्यासिंजर? ते दिसतात का कधी? तू आपला काचेतून म्हशी मोजत बस.”

अशी आमची संस्था. कशी चालते म्हणून लोक विचारतात. मला वाटतं, धक्क्याने चालते. पण चालते.

यंदा दिवाळीची सुट्टी संपली आणि एकेक मुलगी परतू लागली. सुट्टीनंतरचे हे दिवस आमच्या जिवाला घोर लावणारे. कोणाचं लग्न ठरतं, कोणाला आईबाप गुजरातेत ऊसतोडीला बरोबर नेतात, आणि मुलीची शाळा तिथेच सुटते. बाकी सगळ्या आल्या, दहावीतली रमिला आली नाही. तिच्या पाड्यावर फोन लागत नाही. त्या भागात ऊसतोडीचा मुकादम येऊन गेल्याचं मात्र कानावर आलं होतं.

“आपण जाऊन आणू या ना,” मी म्हणाले.

“नाही,” नाना म्हणाले. “प्यासिंजरनं स्वतः हात दाखवला पाहिजे. उचलून आणलेली पोरगी टिकत नाही.”

एवढं बोलून ते रोज बसस्थानकावर जाऊ लागले. चहा प्यायला, असं सांगून.

“तिथल्या चहाला तू जन्मभर शिव्या घातल्या,” रशीदभाई म्हणाले.

“आता सुधरला शे तो!”

नाना जेवणात मीठ नाही म्हणून ओरडत, मग मीठ जास्त म्हणून ओरडत. शेवटी एका सकाळी रशीदभाईंनीच संस्थेची जीप काढली आणि हॉर्न वाजवला. नाना गुपचूप येऊन बसले. नियमाचं कोणी नाव काढलं नाही. मी मागे बसले.

शिरपूर सोडल्यावर समोरून धुळ्याची एसटी येताना दिसली. नाना ओरडले, “रशीद, आडवी घाल!” आणि रशीदभाईंनी, आयुष्यात पहिल्यांदा वाद न घालता, जीप एसटीसमोर आडवी घातली.

नाना वर चढले. मी त्यांच्या मागे. तरुण कंडक्टरला वाटलं, तपासणी पथक आलं. तो बिचारा घाईघाईने शर्टाची बटणं लावू लागला. नाना दोन्हीकडे बघत थेट मागच्या बाकापर्यंत गेले. तिथे रमिला बसली होती, मांडीवर पत्र्याची पेटी. शेजारी तिचे वडील.

“नाना, तुमीन कथा चालनात?” वडिलांनी हसून विचारलं.

“तुना घरच! पोर कथी व्हती इतला दिन?”

“मी तिलेच सोडाले ई ऱ्हायनू ना. रस्तानं काम चालू, गाडीच बंद व्हती. आज सुरू व्हयनी.”

नानांनी बापावर संशय घेतला होता, मुकादमावर घेतला होता, रमिलाच्या मामावरसुद्धा घेतला होता. एसटीवर घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

“मुकादम आला होता ना?” मी विचारलं.

“आला होता,” रमिला म्हणाली. “बाबा म्हणाले, हिचा पेपर आहे मार्चमध्ये. नंतर ये म्हणाले, तेव्हा पण नाही सांगू.”

गाडीत कोणीतरी मोठ्याने हसलं. वडील सरकले आणि बाकावर हात ठेवून म्हणाले, “आठे बसा, नाना.”

नाना बसले. मी खाली उतरून जीपमध्ये आले. रशीदभाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग धुळ्यापर्यंत रिकामी जीप त्या एसटीच्या मागून चालली. ती थांबली की आम्ही थांबायचो, ती निघाली की निघायचो. पुढे जायला रस्ता मोकळा होता. रशीदभाईंनी एकदाही ओव्हरटेक केलं नाही.

धुळ्याला सगळे प्रवासी उतरले, हे तिघं उतरेनात. आम्ही वर चढून पाहिलं. नाना रमिलाच्या वडिलांच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले होते, तोंड उघडं, चष्मा रमिलाच्या हातात. तिच्या वडिलांनी अवघडलेला खांदा जराही न हलवता ओठांवर बोट ठेवलं.

“जपू द्या त्यासले,” ते हळूच म्हणाले.

तो तरुण कंडक्टर दारात उभा होता. गाडी डेपोत लावायची होती. रशीदभाईंनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला चहा प्यायला घेऊन गेले.